शिगेचा दिवस

एका राज्यात, पूर्वेच्या समुद्राकाठी, छपराखालचा एक लांब बोळ होता. तोच तिथला बाजार. एका बाजूला सुक्या मासळीच्या माळा, दुसऱ्या बाजूला मिरचीत मुरवलेल्या कोबीचे रांजण, मध्ये मुगाच्या घावनांची वाफ. तिथे मोठ्या माणसांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारीत नसे. लेकराच्या नावाने मारीत. अमक्याची आई, तमक्याचा बाप. आणि माप भरले की विकणारा वर एक मूठ टाकी. ती शीग. ती मागायची नसते, मिळते.

राजा मुयोलला शीग खपली नाही. "माप म्हणजे माप," तो म्हणाला. त्याने दुकानोदुकानी एक सरळ काठी वाटली. माप भरा, काठी फिरवा, सपाट करा. शीग देईल तो मिठागरात खपेल.

दोजून नावाच्या तरुणाने एका म्हाताऱ्याच्या मापावर मूठभर सोयाबीन टाकले. तो मिठागरात गेला आणि तिथेच मेला. म्हातारा जादूगार होता. तो राजवाड्यात आला, काळी बरणी ठेवली आणि बोलला, "राजा, तुझ्या मुलीचे आयुष्य या बरणीएवढे. रोज सकाळी एक दाणा पडेल. काठाला लागली की संपले. आणि तुझ्या राज्यात आता काहीही उतू जाणार नाही."

तसेच झाले. चुलीवरचे दूध काठाशी येऊन थांबे. भर पावसात नदी पात्राबाहेर पाऊल टाकीत नसे. राजकन्या हारीन सतरा वर्षांची झाली, अंथरुणाला खिळली, आणि बरणीत एका दाण्याची जागा उरली.

राजवाड्याच्या कौलांवर एक काळापांढरा पक्षी बसे. तो ओरडला की पाहुणा येतो, असे लोक मानीत. त्या सकाळी तो ओरडला.

"कोण येणार?" राजाने विचारले.

"जाणार," पक्षी म्हणाला. "उद्या. ते टळायचे नाही. पण बरणीवर कोणी दिलेली शीग चढव. काठाच्या वर तीन मुठींपुरती जागा आहे. एका मुठीला एक दिवस. एक जरी चढली तरी राज्य शापातून सुटेल. मात्र मागू नकोस. हुकूम सोडू नकोस."

राजा जाडाभरडा अंगरखा घालून एकटा बाजारात गेला.

मासळीवाला थट्टेखोर. "काय आजोबा, दात आहेत ना? नाहीतर मासाच तुम्हाला खायचा." हसत हसत त्याने राजाच्या मापावर एक मासा टाकला. तेवढ्यात काठी तपासणारा शिपाई बोळात शिरला. मासळीवाल्याने मासा झटकन उचलून घेतला. "चुकून पडला हो," तो म्हणाला. राजाचा हात तसाच पुढे राहिला. कायदा त्याचा. शिपाईही त्याचाच.

पुढे घावनवाली. "उभ्याउभ्या काय बघताय? आ करा!" म्हणून तिने गरम तुकडा तोडून त्याच्या तोंडाशी धरला. साठ वर्षे घास तोंडाशी आला की ते तोंड उघडत आले होते. आताही उघडले. गिळल्यावर त्याला कळले, तीच शीग होती. दुसरा दिवसही गेला.

बोळाच्या टोकाला एक म्हातारी सोयाबीन घेऊन बसली होती. शेजारीण ओरडली, "दोजूनच्या आई, गिऱ्हाईक आलंय!"

राजा दोन पावलांवर थांबला.

म्हातारीने माप भरले. काठी फिरवली. सपाट केले. मग वर पाहिले.

"शिक्षा सुनावलीत तेव्हा समोरच उभी होते मी. अंगरख्यानं माणूस लपत नाही."

तिने काठी मांडीवर ठेवली.

"बरणीचं सगळ्या राज्याला ठाऊक आहे. केवढी पोर?"

"सतरा."

"दोजून एकोणीसचा होता."

ती काठीकडे पाहत बसली. राजा तिच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसला. मागितले नाही. तेवढे त्याने पाळले.

म्हातारीने काठी खाली ठेवली आणि मापावर एक मूठ टाकली. "तुम्हाला नाही देत," ती म्हणाली. "हारीनला."

दुसऱ्या सकाळी शेवटचा दाणा पडला. राजाने जपून आणलेली मूठ वर ठेवली. शीग चढली. मुदपाकखान्यात दूध उतू गेले आणि आचारी रडत सुटला. हारीनने डोळे उघडले.

"बाबा, भूक लागली. बाजारात जाऊ या?"

बाजारात ती दोन घावने खाऊन तिसरे मागती झाली. मासळीवाल्याच्या थट्टेवर पोट धरून हसली. दोजूनच्या आईने तिची वेणी घातली, सावकाश, दोनदा सोडून. ऊन कलले तेव्हा बापलेक पालखीत बसली. हारीनने बापाच्या खांद्यावर डोके ठेवले. वाड्याच्या दाराशी राजाने हाक मारली, "हारीन." तिने ओ दिली नाही.

सगळ्या काठ्या घावनवालीच्या चुलीत गेल्या. मिठागरातली माणसे घरी आली. त्यांत दोजून नव्हता.

त्या राज्यात आजही माप शिगेने भरतात. राजा दर बाजाराला टोकापर्यंत जाई. म्हातारी माप भरी, वर मूठ टाकी. दोघे फार बोलत नसत. पण त्या बोळात त्याला कोणी महाराज म्हटले नाही.

"हारीनचे बाबा," लोक हाक मारीत.

आणि तो ओ देई.