तुळईला टांगलेले धोटे

विणकरांच्या एका गावात अवंती नावाची तरुण वैद्य शिकून परत आली. वेशीपासूनच मागांचा खडखडाट ऐकू येईल, असं तिला वाटलं होतं. पण निम्मी घरं मुकी होती. देवळाच्या तुळईला मात्र ओळीने धोटे टांगलेले होते. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारे धोटे, धूळ खात लटकलेले.

गावाची रीतच तशी होती. कुणी दुःखाने खचलं, की शेजारी मायेने त्याचा धोटा काढून नेऊन देवळात टांगत. माणूस हसला, की धोटा परत. वर्षभरात हसला नाही, तर पाडव्याला धोटा नदीत सोडायचा आणि त्या घरचा माग कायमचा मोडायचा.

लेक वारल्यापासून सगुणाकाकू भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. शेजारणी भाकरी आणत, केर काढत, पाणीसुद्धा हातात देत. काकू दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. आणि पाडवा उद्यावर आला होता.

अवंती तडक देवळात गेली. "धोंडिबाकाका, काकूंचा धोटा द्या."

धोंडिबा गुरव म्हणाला, "हसली का ती?"

"हसेल कशाच्या जोरावर? हात बांधून ठेवलेत तुम्ही तिचे!"

"अगं पोरी, मन ठिकाणावर नसलं की सूत तुटतं. आधी उभारी येऊ दे, मग काम."

अवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जिथे शिकली, तिथल्या वैद्यांनी अशी कितीतरी माणसं पारखली होती. उभारीची वाट पाहणारे अंथरुणातच राहिले. मन नसतानाही रोज थोडंसं काम हाती घेतलेले हळूहळू सावरले. इथे तर मायेच्या नावाखाली माणसं जिवंतपणी गुंडाळून ठेवली होती!

ती सगुणाकाकूंकडे गेली आणि हेच सगळं आवेशाने सांगत बसली. काकूंनी डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

अवंती वरमली. मग तिने आपली शाल काढली. शालीच्या काठाच्या धाग्यांचा गुंता झाला होता.

"काकू, एवढी एक गाठ सोडवून द्याल?"

"मन लागत नाही गं."

"मन कोण मागतंय? बोटं द्या."

मग पांघरुणातून एक हात बाहेर आला. गाठ सुटायला फार वेळ लागला. काकूंनी दुसरी गाठ न सांगता धरली. तिसरीपाशी त्या उठून बसल्या आणि शाल उजेडात धरून म्हणाल्या, "कुणी विणलंय हे? विणणाऱ्याला डोळे होते का नुसती भोकं?"

शेजारीण भाकरी घेऊन दारातच थबकली. कितीतरी महिन्यांनी काकू एवढं बोलल्या होत्या. त्या दिवशी पाणी प्यायला त्या स्वतः माठापाशी गेल्या.

अवंती धावत देवळात आली.

"हसली?" धोंडिबाने विचारलं.

"नाही. चिडली."

"मग रीत म्हणजे रीत, वैद्यीणबाई."

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, धोंडिबा धोटे नदीवर न्यायला टोपली घेऊन देवळात आला, तर तुळई रिकामी! सगळे धोटे पदरात घेऊन अवंती पायरीवर उभी होती.

"हा काकूंचा. बाकीचेही ज्याचे त्याला देणार. कुणी हसो वा रडो."

"रीत मोडलीस, तर गाव तुझ्याकडे औषधाला यायचं नाही."

"न येवो," अवंती पायऱ्या उतरत म्हणाली. "मीच दारोदार जाईन."

तात्पर्य: खचलेल्या माणसाचं काम काढून घेऊन त्याच्या उभारीची वाट पाहू नये, त्याच्या हाती झेपेल एवढं काम द्यावं, उभारी त्यातूनच येते.