चांदरबेटाची कातरीन मेस्तरीण

खाडीवर पूल नव्हता आणि चांदरबेटावर यायचं तर होडीशिवाय वाट नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. नेमकं साल कुणाला ठाऊक नाही. म्हातारी माणसं सांगतात, आमच्या आजीची आजी तेव्हा रांगत होती.

बेटावर साठेक घरं. सगळी ख्रिस्ती, सगळी मिठागरात राबणारी. लहानसं चर्च होतं, पण फादर खाडीपलीकडे राहायचे. महिन्यातून एकदा होडीनं यायचे, मिसा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना करायचे, बाप्तिस्मे द्यायचे, आजाऱ्यांना भेटायचे आणि भरती बघून परत जायचे. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं किंवा मेलं, तर फादरांची वाट बघायची.

कातरीन ही मिठागरातल्या इनासची बायको. ऐन आषाढात तिला मुलगी झाली. सातव्या दिवशी पोर निळी पडायला लागली. इनास धक्क्यावर जाऊन उभा राहिला, पण तीन दिवस वारा पडला नाही आणि होडी सुटली नाही. फादर आले तोवर पोर गेली होती. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं.

कातरीन नऊ दिवस कुणाशी बोलली नाही. दहाव्या दिवशी ओहोटी लागल्यावर ती चिखलात उतरली आणि चालत पलीकडे निघाली. त्या चिखलात बैल रुततो. असं म्हणतात, की तिच्या पावलांखाली चिखल वाळूसारखा घट्ट झाला.

म्हातारे फादर मोन्तेरो व्हरांड्यात बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली कातरीन पायरीवर उभी राहिली.

"फादर, बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी ओतायला तुम्हीच लागता का?"

"बाळ मरायला टेकलं असेल तर नाही. तेव्हा कुणीही ओतावं. पाणी हवं आणि शब्द हवेत."

"कुणीही म्हणजे मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

"मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही," फादर म्हणाले. म्हणाले खरे, पण आपल्याच बोलण्याची त्यांना लाज वाटली. खुर्चीवरून उठून ते म्हणाले, "बस इथं. आजपासून शिकवतो."

पुढं वर्षभर ती ओहोटी पाहून जायची आणि पुढच्या ओहोटीला परतायची. अक्षरं शिकली, शुभवर्तमान वाचायला शिकली. मरणाऱ्याच्या उशाशी काय म्हणायचं, मयताला मातीत ठेवताना काय म्हणायचं, तेही शिकली. मग तिनं ते गावाला शिकवायला घेतलं.

लोकांना सवड कुठली? म्हणून तीच मिठागरात गेली. ओल्या वाफ्यात दंताळ्याच्या दांड्यानं एकेक अक्षर काढायची आणि माणसं मीठ ओढता ओढता ते म्हणायची. असं म्हणतात, की त्या साली वाफ्यांत मीठ धरलं ते अक्षरांच्याच आकारात, आणि ते पुसायला कुणाचा हात उचलेना.

पास्कोल मुकादम हसला. म्हणाला, "उद्या ही बाई मिसासुद्धा करील!"

"मिसा फादरच करतील, मुकादम," कातरीन म्हणाली. "तुमच्या उशाशी कोण बसेल तेवढं सांगा."

 पुढल्या आठवड्यात मुकादमानं आपल्या दोन्ही सुना शिकायला पाठवल्या. तेव्हापासून लोक तिला मेस्तरीण, म्हणजे शिकवणारी बाई, म्हणू लागले.

मोन्तेरो वारले आणि त्यांच्या जागी फादर सल्दान आले. तरुण, कडक शिस्तीचे. त्यांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "मिठागरातली माणसं प्रार्थना शिकवायला लागली, तर धर्माचा पोरखेळ होईल. धडे बंद करा."

त्याच वर्षी पटकी आली. फादर रविवारच्या मिसेला आले होते, आणि दुसऱ्या दिवशी सरकारनं होड्या बंद केल्या. फादर बेटावर अडकले. चार दिवस ते घरोघर धावले. त्यांचा धीर मोठा, यात शंका नाही. पण एक माणूस साठ घरांना कसा पुरणार? ते पोचू शकले नाहीत तिथं कातरीनची माणसं बसली होती. त्या साथीत अकरा जण गेले, पण एकटं कुणीच गेलं नाही.

पाचव्या दिवशी फादरच आडवे झाले. दुसरा फादर आणायला वाट नव्हती. कातरीननं पेद्रूला बोलावलं. हा चाळिशीचा मीठकामगार, सगळ्यात शेवटी शिकलेला आणि बोलताना अडखळणारा.

"पेद्रू, तू जा."

"मी न-नको, मावशी. माझी जी-जीभ अडते. तू जा."

"अडू दे. मी गेले तर लोक म्हणतील, हे कातरीनलाच जमतं. मग मी मेल्यावर काय करतील?"

पेद्रू गेला. त्याला पाहून फादरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पेद्रूनं त्यांचं अंग पुसलं, चमच्यानं मिठाची पेज पाजली आणि शेजारी बसून एक स्तोत्र वाचायला घेतलं. असं म्हणतात, की पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत त्याची जीभ एकदाही अडली नाही.

भिंतीकडूनच आवाज आला, "पुन्हा वाच."

दोन दिवस तो तेच वाचत राहिला. तिसऱ्या दिवशी फादर उठून बसले.

त्यानंतरच्या रविवारी फादर लोकांमध्ये जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आज पेद्रू वाचेल." पेद्रू पहिल्याच ओळीत तीनदा अडखळला. कुणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर फादर कातरीनला म्हणाले, "धडे पुन्हा सुरू करा."

"बंद कधी झाले होते?" कातरीननं विचारलं.

ती पुष्कळ जगली. गेली तेव्हाही श्रावणाचं वादळ होतं आणि होडी आली नव्हती. पण तिच्या खाटेभोवती चाळीस माणसं होती, आणि चाळिसांनाही सगळं पाठ होतं. शेवटच्या प्रार्थनेला तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आमेनची घाई करू नका." त्यांनी पुन्हा सावकाश म्हटलं. तेवढं ऐकून ती गेली. असं म्हणतात, की तेव्हा खाडीचं पाणी भरतीच्या मध्यावर थबकलं, आणि ती प्रार्थना पलीकडच्या काठावर स्पष्ट ऐकू आली.

आता खाडीवर पूल आहे. फादर मोटारसायकलवर दहा मिनिटांत येतात. तरीही चांदरबेटावर लग्न ठरलं, की नवरानवरीला आधी कातरीनच्या धड्याची परीक्षा द्यावी लागते. बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे, एका आजाऱ्यापाशी दिवसभर बसायचं. परीक्षा फादर घेत नाहीत. सगळ्यात अलीकडे जो शिकला, तो घेतो. गेल्या वर्षी बँकेतली एक मुलगी दोनदा चुकली. तिसऱ्या रविवारी पास झाली.

शेवटी दोनच प्रश्न असतात.

"फादर कुठं आहेत?"

"वाटेत आहेत."

"तोवर इथं कोण आहे?"

यावर नवरा वेगळा आणि नवरी वेगळी, दोघांनीही मोठ्यानं सांगायचं असतं, "मी आहे."