मेंढीच्या मागची वाट

एका राज्यात डोंगर फार आणि माणसं थोडी. पाऊस तर इतका, की तिथली माणसं त्याला पाऊस म्हणतच नसत. अंगातले कपडे पिळायची वेळ आली, तर म्हणत, "आज जरा भुरभुरतंय." त्या राज्याच्या पार टोकाला कुमहेली नावाचं गाव होतं. पंधरा-वीस दगडी घरं, त्यांवर काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, एक ओढा आणि एक लहानसं प्रार्थनाघर. रविवारी सारं गाव तिथं चार सुरांत गाऊ लागलं की ओढा आपला आवाज हळू करी. ओढा जुना होता, त्याला रीतभात ठाऊक होती.

गावामागं मोठा डोंगर. खाली शेतांना दगडी बांध होते, वर मात्र ना भिंत ना कुंपण. तरी कुमहेलीची मेंढरं कधी हरवली नाहीत. मेंढी कोकराला घेऊन फिरे आणि कोकरू बघून ठेवी: पाणी कुठं, दलदल कुठं, वारा सुटला तर आडोसा कुठं. ते मोठं झालं की आपल्या कोकराला दाखवी. असं हजार वर्षं चाललं होतं. म्हणून तिथली रीत अशी, की घर दुसऱ्याला गेलं, माणसं गाव सोडून गेली, तरी मेंढरं हलवायची नाहीत. मेंढरं डोंगराची.

या गावात येस्टिन नावाचा मेंढपाळ राही आणि टेगवेन ही त्याची एकुलती लेक. येस्टिनचं वय झालं होतं. चुलीत जाळायला डोंगरावरची काळी ओली माती विटांसारखी कापायची, वाळवायची, पाठीवर वाहून आणायची. त्या कामानं त्याच्या बोटांची पेरं सुजून गेली होती. टेगवेनला ते बघवत नसे.

तिकडं राजधानीत राजाचं दुखणं वेगळंच होतं. त्यानं राजवाडा वाढवला, आणखी वाढवला, इतका वाढवला की त्याला स्वतःचं शेजघर सापडेना. जेवायला म्हणून सिंहासनावरून उठे, तो थेट पागेत जाऊन उभा राही. घोडेही बिचारे त्याला बघून मान खाली घालत. तेव्हा मादोक नावाचा राजमांत्रिक म्हणाला, "महाराज, कुमहेलीची मेंढरं कधी वाट चुकत नाहीत. त्यांच्या लोकरीचा झगा ल्या, म्हणजे आपणही चुकणार नाही." राजाला पटलं. हरवलेल्या माणसाला काय, काहीही पटतं.

येस्टिन शेजारच्या खोऱ्यात लोकर कातरायला मदतीला गेला होता, तेव्हा मादोक कुमहेलीला आला. त्याच्यामागं तीनशे मेंढ्या होत्या, सगळ्या सोनेरी लोकरीच्या.

"या लोकरीला स्वतःची ऊब आहे," तो म्हणाला. "घरात ठेवलीस तर चूल पेटवायला नको. बदल्यात तुझी तीनशे मळकी मेंढरं दे."

टेगवेनच्या डोळ्यांपुढं बापाची पेरं आली. ती हो म्हणाली. चूक एवढीच, आणि ती मायेपोटी झाली. पण चूक ती चूकच.

येस्टिन परतला. तो ओरडला नाही. सोनेरी मेंढ्या डोंगरावर चारी दिशांना पांगताना बघत उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, ऊब आणलीस. पण वरून घरी यायचं कसं, हे आता कुणाला ठाऊक?"

काठी घेऊन तो त्यांना वळवायला गेला. डोंगराला मात्र कुणी ओळखीचं उरलं नव्हतं. डोंगरानं धुकं डोक्यावरून ओढून घेतलं आणि गप्प झाला. येस्टिन त्यात गेला तो आलाच नाही. दर तिसऱ्या दिवशी धुकं एकेक बांध उतरू लागलं. डोंगर आणि गाव यांच्यामध्ये बांध होते सात. धुक्यात शिरलेला माणूस हाका ऐकू येऊनही बाहेर पडत नसे, म्हणून गावात सगळे बांधच मोजत बसले होते.

दुसरा बांध बुडाला तेव्हा टेगवेन तिसऱ्या बांधावर बसून रडत होती. लाल चोचीचा एक डोंगरकावळा जवळ येऊन बसला. त्यानं तिच्या हातातली ओटची भाकरी आधी खाल्ली, मग बोलला.

"राजवाड्यात जा. मादोक तीन गोष्टी मागेल. दे."

"आणि परत येताना?"

"मेंढीच्या पुढं होऊ नकोस," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

टेगवेन राजवाड्यात पोचली तेव्हा राजा पागेत नुकताच सापडला होता. अंगात झगा होता, तरी त्याची वाट चुकतच होती.

"महाराज, माझी मेंढरं परत द्या," ती म्हणाली. "माझे बाबा धुक्यात आहेत."

राजानं मादोककडं पाहिलं. मादोक म्हणाला, "झग्याच्या तीन शिवणी रिकाम्या राहिल्या आहेत. तुला जे ठाऊक आहे त्यानं त्या भर, आणि मेंढरं घेऊन जा."

"शब्द दिला," राजा म्हणाला.

पहिल्या शिवणीसाठी मादोकनं डोंगरावरच्या पाण्याची नावं मागितली. टेगवेननं एकोणीस झऱ्यांची नावं सांगितली: चमचाझरा, विधवेचं पाणी, थोरली गळती, लाजरा... एकेक नाव तोंडातून निघे, त्याचा धागा होई आणि झग्यात शिरे. शेवटचं नाव सांगून झालं, तर तिला एकही झरा आठवेना.

दुसऱ्या शिवणीसाठी त्यानं पायवाटा मागितल्या. त्या सांगता येत नाहीत, म्हणून ती डोळे मिटून दरबाराच्या फरशीवर चालली. इथं चढ, इथं निसरडं, इथं वाकून जायचं. पावलांमागून धागे उठत गेले. चालून संपलं, तेव्हा तिचे पाय परक्या माणसाचे झाले होते.

"आता घराचं दार," मादोक म्हणाला.

टेगवेननं हात हवेत पुढं केला, जणू कडी समोरच होती. मग हळूहळू बोलू लागली. "दार ठेंगणं आहे. हिरवा रंग खालून उडालाय. कडी नुसती उचलून उघडत नाही, उचलताना खांद्यानं जरा रेटावं लागतं. बाबा म्हणतात, दाराला आपल्या घरचा खांदा कळतो." तिसरी शिवण भरली. आपल्याला बाप आहे आणि त्याला घरी न्यायचंय, एवढंच तिच्यापाशी उरलं. घर कुठं, ते गेलं.

मादोक तिला मागच्या आवारात घेऊन गेला. तिथं तीन हजार मेंढ्या होत्या. कुमहेलीच्या मेंढ्यांच्या कानांवर खूण म्हणून खाच असे. ती त्यानं मंत्रानं भरून टाकली होती.

"ओळख तुझी," तो हसून म्हणाला.

तिला ओळखता येईना. मग ती फाटकापाशी गेली आणि फाटक उघडून बाजूला उभी राहिली.

तीन हजार मेंढ्यांनी माना वर केल्या. बहुतेकींनी परत गव्हाणीत तोंड घातलं. एका म्हाताऱ्या मेंढीनं मात्र वारा हुंगला, कुणाला न विचारता फाटकातून बाहेर पडली आणि डोंगरांच्या दिशेनं चालू लागली. तिच्यामागं आणखी दोनशे नव्व्याण्णव निघाल्या. त्यांच्यामागं टेगवेन.

वाटेत एक फाटा लागला. एकीकडं फरसबंद रस्ता, त्यावरच्या दगडावर सुबक अक्षरांत 'कुमहेली' कोरलेलं. दुसरीकडं नुसता लव्हाळ्यांचा चिखल. बांध बुडत होते, टेगवेनला धावत पुढं व्हावंसं वाटत होतं. पण म्हातारी मेंढी चिखलात उतरली आणि टेगवेनही तिच्यामागं उतरली. तिनं वळून पाहिलं, तर मादोकनं मंत्रानं केलेला तो फरसबंद रस्ता सगळा दलदलीत विरघळत होता.

धुकं उतरू लागल्यापासून एकोणिसाव्या दिवशी ती डोंगरापाशी पोचली. सहा बांध बुडाले होते, सातवा धुक्याच्या काठावर होता. मेंढरं धुक्यात शिरली आणि चरू लागली. गवताबरोबर ती धुकंही खाऊ लागली. एक घास खाल्ला की हातभर डोंगर मोकळा होई. नेचे दिसले, जांभळी झुडपं दिसली, मग एक दगड दिसला आणि दगडावर बसलेला येस्टिन.

"आलीस?" तो म्हणाला. "आत्ताच जरा टेकलो होतो."

टेगवेननं त्याचे सुजलेले हात आपल्या गालांना लावले आणि ढसाढसा रडली. त्याला वाटलं, दुपार झाली असेल. सोनेरी मेंढ्या त्याच्या भोवतीच होत्या, पण त्या आता पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं झाल्या होत्या.

म्हातारी खाली उतरत उतरत एका घरापाशी थांबली.

"बाबा, हे कुणाचं घर?" टेगवेननं विचारलं.

येस्टिननं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो उत्तर देणार, तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेला एक चिखलानं माखलेला माणूस उठला. तो राजा होता.

"मी झोपायला निघालो होतो," राजा ओशाळून म्हणाला. "या झग्यानं इथं आणलं. झऱ्यांपाशी याची पहिली शिवण उसवली, पायवाटांवर दुसरी, आणि या दारापाशी तिसरी. तुझं होतं ते ज्याच्या त्या जागी परत गेलं, मुली. माझ्यापाशी काही राहिलं नाही."

"महाराज, वाट लोकरीत नसते, पायांत असते," टेगवेन म्हणाली.

राजानं लीकचं, म्हणजे कांद्यासारख्या जाड पातीचं, गरम सार दोन वाडगे संपवलं. मग येस्टिनचा कुत्रा त्याला राजधानीपर्यंत पोचवून आला. राजानं चार खोल्या ठेवल्या आणि बाकीचा राजवाडा बंद केला. मादोक आपली पोथी आणायला बंद भागात गेला, तो अजून आलेला नाही. कधीमधी भिंतीतून आवाज येतो, "दार कुठं आहे?" आणि राजा शांतपणे आपल्या शेजघरात जातो.

टेगवेनला मात्र मनातलं गेलेलं परत मिळालं नाही. येस्टिननंही तिला काही शिकवलं नाही. "म्हातारीच्या मागं चाल," एवढंच म्हणाला. ती चालली. म्हातारीचं नवं कोकरू आणि टेगवेन, दोघं एकाच मेंढीमागं. कोकरू ज्या झऱ्याशी प्यायलं तिथं तीही प्यायली, कोकरू जिथं घसरलं तिथं तीही घसरली.

असं वर्ष गेलं. एका दुपारी डोंगरावर नेहमीचं साधं धुकं उतरलं, हात पुढं केला तर बोटं दिसू नयेत असं. येस्टिन चुलीपाशी बसून कान देऊन होता. बाहेर पावलं वाजली. कडी उचलली गेली आणि त्याच क्षणी दाराला खांद्याचा रेटा बसला. टेगवेन आत आली, काखेत एक चुकार कोकरू.

"इतक्या धुक्यात वाट कशी सापडली गं?" येस्टिननं विचारलं.

टेगवेन जरा गोंधळली. तिनं दारातून मागं वळून पाहिलं.

"कुठलं धुकं, बाबा?"

टेगवेन जशी आपल्या दारी पोचली, तसे ऐकणारे सगळे आपापल्या दारी सुखरूप पोचोत.