मागच्यांची काळजी

कोल्हापुरात फुटबॉलच्या स्पर्धेचे अध्यक्ष होते हिंदुराव. स्वतः खेळायचे तेव्हा त्यांच्यासाठी कधी कुणी जागचं हललं नाही; आणि आता पलीकडच्या पेठेतल्या इंद्रजितनं गोल मारला की अख्खी गॅलरी उभी! हिंदुरावांच्या पोटात नुसतं दुखायचं. ते गॅलरीपुढं मांडलेल्या कोचावर बसूनच राहत. कुणी विचारलं तर म्हणत, "उठलो असतो हो, पण मागच्यांना दिसायला नको?"

अंतिम सामन्यात तर त्यांनी माईकवरून फर्मावलं, "मागच्याच्या आड येणाऱ्यानं उभं राहायचं नाही. राहिला, की बाहेर!"

सगळ्यात वरच्या रांगेतून इंद्रजितची आई सुभद्राबाई उठली. "आमच्या मागं भिंतच हाय. कुणाच्या आड येतोय?"

तिची रांग उठली. वरचे उभे म्हटल्यावर पुढची रांग कुणाच्याच आड येईना, तीही उठली. असं करत करत गॅलरी थेट कोचापर्यंत उभी राहिली, आणि तेवढ्यात इंद्रजितनं गोल ठोकला.

हिंदुराव बसूनच.

वरून सुभद्राबाईचा आवाज आला, "अध्यक्षसाहेब, उठा की आता! तुमच्या मागं बसलेलं कोण न्हाई."

हिंदुराव उठले. वर टाळीही वाजवावी लागली.