बयनाची कोंबडी

आटपाट नगराची ही गोष्ट नाही, आमच्या कोसमटोल्याची आहे. फार वर्षांपूर्वी इथे असं ऊन पडायचं, की सावलीसुद्धा झाडाच्या खोडाला चिकटून बसायची, असं म्हणतात.

तेव्हा गावात बयना राहायची. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिचा नवरा वारला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिच्याकडे एकच कोंबडी होती. तिची अंडी देऊन बयना मीठमिरची आणायची, आणि बोलायलाही तीच होती.

गावातल्या बाकी कोंबड्या भरगच्च पिसांच्या, डौलदार. बयनाच्या कोंबडीच्या मानेवर मात्र एकही पीस नव्हतं. लोक तिला ‘बोडकी’ म्हणत. हाच शब्द विधवेलाही म्हणत. त्यामुळे अंगणातून हाक आली, की ती कोंबडीला आहे की आपल्याला, हे बयनाला कळायचं नाही.

एक दिवस तिनं जुन्या लुगड्याचा मऊ काठ फाडला आणि कोंबडीच्या मानेला गळपट्टी शिवली. कुणी हसू नये म्हणून.

शेजारची देवकामावशी कुडावरून म्हणाली, “बयने, आता तिला कुंकूही लाव.”



मग वैशाख आला. कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. बयनाची कोंबडी तर दाणा टिपेना. एका दुपारी ती पंख पसरून आडवीच झाली. बयनानं तिला मांडीवर घेतलं. गळपट्टीखालची मान तव्यासारखी तापली होती. तिनं टाके दातांनी तोडले, पट्टी काढली आणि ओला हात मानेवरून फिरवत राहिली. तिच्या हातावरचं पाणी आटलंच नाही, असं म्हणतात. उन्हं कलली, तेव्हा कोंबडीनं डोळे उघडले.

“माझंच चुकलं गं,” बयना म्हणाली. “तुझी मान उघडी होती, म्हणून तुला वारा लागत होता.”

पावसाळ्यात त्या कोंबडीनं पिल्लं काढली. बरीचशी आईसारखीच उघड्या मानेची. बयनानं कुणालाच काही शिवलं नाही.

काही वर्षांनी त्याहून कडक वैशाख आला आणि त्याच्या मागोमाग मानमोडी, कोंबड्यांची साथ, आली. डौलदार कोंबड्या आधीच उन्हानं खचल्या होत्या. पिसांत कोंडलेल्या तापानं त्यांच्यातलं बळ खाल्लं होतं, मग रोगाला अडवणार कोण? अंगणं रिकामी झाली. बयनाच्याही काही गेल्या, पण बहुतेक उभ्या राहिल्या.

देवकामावशी बयनाच्या दारात आली. तिच्याकडे एकच खुडूक कोंबडी उरली होती, खाली ठेवायला अंडी नव्हती.

“बयने, तुझ्या त्या…” ती थांबली. तो शब्द तिच्या तोंडातून निघेना.

“नाव घेऊन माग, मावशी.”

“तिला नाव कुठं आहे?”

“माझं घे,” बयना म्हणाली.

“बयनाची अंडी दे, माय,” देवकामावशी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

त्या दिवशी बयना ओच्यात अंडी घेऊन घरोघर फिरली. ती गेली तिथे तिची सावली मागेच राहिली, आणि त्या अंगणांत तेवढी जागा अजून थंड लागते, असं म्हणतात. आमच्याही अंगणात आहे.

आता कोसमटोल्यात उघड्या मानेच्या कोंबडीला बयनाच म्हणतात. वैशाखात तिच्यासाठी आधी पाणी ठेवतात, भरदुपारी कुणी कोंबड्या डालग्याखाली कोंडत नाही. आणि एखाद्या बाईचा नवरा गेला, की शेजारणी पदराखाली उघड्या मानेची पिल्लं घेऊन तिच्याकडे जातात. ती अंगणात सोडतात. मग कुणी फारसं बोलत नाही. उन्हं उतरेपर्यंत सगळ्या तिच्याजवळ बसून राहतात.