बाभळीपर्यंतचे वीर

एक गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं माझ्याशी भांडायला येतील, मीही काही कमी भांडखोर नाही, आणि गोष्ट राहील बाजूलाच. तर मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि मध्ये बोलू नका. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी राग येतो.

त्या गावाला दसऱ्याचं भारी वेड. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात हे तुम्हाला माहीत आहे. राजे-सरदार त्या दिवशी राज्याची सीमा ओलांडून मोहिमेवर निघायचे. आणि या गावची माणसं काय करायची? दुपारी मस्त झोप काढायची, नवे कपडे घालायची, ढोल-ताशे लावून वेशीबाहेर पडायची आणि शेतांच्या कडेला एक बाभूळ होती तिथपर्यंत जायची. झालं सीमोल्लंघन! मग आपट्याची पानं सोनं म्हणून एकमेकांना द्यायची आणि पुरणपोळी निवायच्या आत परत फिरायचं.

परत येतानाचा थाट तर विचारू नका. सगळ्यांत पुढे पाटलाचा मुलगा. डोक्याला जरीचा फेटा, कमरेला तलवार. ती तलवार म्यानात गंजून चिकटली होती म्हणे, ओढली तरी निघायची नाही. पण दर वर्षी गावाचा ‘वीर’ म्हणजे तोच. गावच्या पंतोजींनी मुलांकडून एक आरोळी पाठ करून घेतली होती, "वीर आले हो वीर आले, सीमा जिंकून घरी आले!" मुलं बिचारी घसा बसेपर्यंत ओरडायची. त्यांना जे शिकवलं तेच ती ओरडणार.

आता गावाचा नियम ऐका. सीमोल्लंघनाला गेलेल्या माणसाने वेशीवर ओवाळून घेतल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वर्षभर घराला पीडा. आणि ओवाळायचा मान सुईण आजीचा. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, म्हणून तिनेच त्यांना परत घरात घ्यायचं. पाटील या नियमाचा फार पक्का. मागच्या दसऱ्याला एक विणकर पोट दुखतंय म्हणून न ओवाळता घरी गेला, तर पाटलाने त्याला अंथरुणातून उठवून वेशीबाहेर नेऊन बसवला होता.

या सुईण आजीचा मुलगा राजाच्या फौजेत शिपाई होता. लांब डोंगरात एक खिंड होती. ती राखली नाही तर लुटारू थेट खालच्या गावांवर येतील, अशी जागा. तिथे त्याचं ठाणं. तो गेला तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. कितीतरी दसरे आले नि गेले. आजी पाटलाच्या मुलाला ओवाळायची आणि मागच्या रस्त्याकडे बघायची.

आणि एका दसऱ्याला तो खरंच आला.

ऊन उतरलं होतं. शिपाई रस्त्याने चालत येत होता. पायात फाटकं पायताण, दाढी वाढलेली, डावा हात कोपरापासून नाही. बाभळीपाशी त्याला गर्दी दिसली. ढोल ऐकू आले. आणि मग मुलांची आरोळी, "वीर आले हो वीर आले, सीमा जिंकून घरी आले!"

तो थबकलाच. त्याला वाटलं, आपण येणार हे गावाला कळलं! आपल्याला न्यायला सगळं गाव आलं! त्याने एका हाताने कसंबसं मुंडासं सारखं केलं, अंगरख्याची धूळ झटकली आणि हसत हसत लगबगीने पुढे गेला.

"ए, बाजूला हो!" ताशेवाला ओरडला. "दिसत नाही का? वीरांना वाट दे!"

कुणी ओळखलं नाही त्याला. कुणी नीट पाहिलंसुद्धा नाही. एकाने खांद्याला धक्का दिला आणि शिपाई रस्त्याकडेच्या काट्यांत जाऊन उभा राहिला. जरीचा फेटा त्याच्यासमोरून डुलत गेला. शिपाई मिरवणुकीच्या मागे, ढोलाच्या धुळीत, गुमान चालू लागला. मुलांनो, मी तिथे असतो ना, तर एकेकाच्या कानाखाली जाळ काढला असता.

वेशीवर सुईण आजी आरतीचं ताट घेऊन उभी होती. पाटलाचा मुलगा मान ताठ करून पुढे आला. आजीने निरांजन उचललं, आणि तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. निरांजन हातातच राहिलं.

"माझा बाळ," ती म्हणाली. "अगं बाई, माझा बाळ आला!"

पाटलाच्या मुलाला कोपराने बाजूला सारून ती ताट घेऊन धावली. पण वाटेत पाटील आडवा आला.

"आजी, तुमचा मुलगा आला, आनंद आहे. पण आधी मानाप्रमाणे आमची पाळी. आणि त्याचं म्हणाल तर…" पाटलाने पंतोजींकडे पाहिलं.

पंतोजी खाकरले. "अपूर्ण अंगाच्या माणसाला सणाच्या दिवशी ओवाळू नये. अपशकुन होतो. त्याने मागच्या वाटेने, कुंपणाकडून घरी जावं. उद्या बघू काय ते."

आजीने ऐकून घेतलं. मग तिने आरतीचं ताट शांतपणे वेशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पदर खोचला. गावातल्या बायका दोन पावलं मागे सरकल्या, कारण आजीने पदर खोचला म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं.

"अपूर्ण?" आजी म्हणाली. "अरे पाटला, तू पायाळू आलास, निळा पडला होतास. तोंडाने वारा घालून मी तुला जगवला. तेव्हा मी बघितलं का रे, पूर्ण आहे की अपूर्ण? आणि पंतोजी, तुम्हाला तर तोंड उघडायची लाज वाटायला हवी. माझ्या लेकाने कुंपणाकडून जायचं? चोर आहे का तो? त्याला नाही ना ओवाळायचं? मग आज कुणालाच नाही. बसा वेशीबाहेर!"

आणि ती ताटापुढे फतकल मारून बसली.

आता आली का पंचाईत! ओवाळल्याशिवाय आत जाता येईना, आणि ओवाळणारी उठेना. सगळं गाव नव्या कपड्यांत वेशीबाहेर उभं. आतून पुरणाचा वास येतोय. डास चावायला लागले. पाटील आधी गुरगुरला, मग समजावू लागला, मग म्हणाला, "मी असाच आत जाईन!"

"जा की. मी कुठे अडवलंय?" आजी म्हणाली.

पाटलाने एक पाय उचलला. मागच्या ओळीत तो विणकर उभा होता. तो नुसता बघत होता. पाटलाने पाय खाली ठेवला.

मोठी माणसं अशी चुळबुळत असताना मुलं मात्र कंटाळून शिपायाभोवती गोळा झाली. सगळ्यांत पुढे पाटलाची नात. चुणचुणीत पोर, गप्प बसणं तिला माहीतच नव्हतं.

"काका, तुम्ही किती माणसं मारली?" तिने विचारलं. पंतोजींच्या गोष्टींत वीर तेवढंच करायचे.

शिपाई तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाळ, तुमच्या घराला रात्री कडी लावतात का?"

"नाही. कशाला लावायची? कोण येतंय?"

"कुणी येऊ नये, एवढंच आमचं काम होतं. उभं राहायचं. थंडीत, पावसात. मारामारी थोडी, उभं राहणंच फार."

"हात दुखला?"

"खूप. रडलो मी."

"वीर रडतात?"

"वीर रडत नसतात!" पंतोजी लांबून ओरडले. "मुलांना भलतंसलतं शिकवू नकोस!"

"तुम्ही गप्प बसा हो!" आजी कडाडली. "तुम्हाला पायात काटा गेला तर तुम्ही चार दिवस निजून राहता. त्याला बोलू द्या!"

नातीने बाभळीकडे पाहिलं, शिपायाच्या फाटक्या पायताणाकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबा, हे काका तर खरंच सीमेवरून आले. आपण नुसते त्या बाभळीपर्यंतच गेलो होतो."

सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. पाटलाचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात त्याचा मुलगा, तो जरीच्या फेट्याचा वीर, रडवेल्या आवाजात म्हणाला, "आबा, मला भूक लागली. ओवाळू द्या ना त्याला आधी!"

बघा म्हणजे. त्या गावाने शिपायाला मान दिला तो भुकेपोटी, लाज वाटून नव्हे. याचाच मला जास्त संताप येतो.

"बरं, बरं," पाटील हात झटकत म्हणाला. "ओवाळा बाई एकदाचं."

आजी उठली. तिने निरांजनात तेल घातलं, वात सारखी केली. लेकासमोर उभी राहिली. पण शिपायाने तिचा हात धरला.

"आई, थांब. मी एकटा नव्हतो गेलो. आम्ही तिघं गेलो होतो या वेशीतून. त्यांचं आधी."

"तिघं?" पाटील म्हणाला. "आणखी कोण?"

शिपायाने त्याच्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "कोण म्हणून विचारता, पाटील? कुंभाराचा भिवा. धनगराचा बिरू. गेल्या थंडीत दोघं खिंडीत पडले. भिवा माझ्या मांडीवर गेला. ठाणेदाराने स्वार पाठवून तुमच्या वाड्यावर सांगावा दिला होता, ज्येष्ठातच. तो स्वार मला परत भेटलाय. तुम्ही त्याला ताक पाजून परत पाठवलंत. तुम्हाला कोण ते माहीत नाही?"

गर्दीत बायकांच्या मागे एक कुंभारीण उभी होती. भिवाची आई. शिपाई दिसल्यापासून ती टाचा उंचावून त्याच्या मागचा रस्ता बघत होती, आपलाही येत असेल म्हणून. तिच्या टाचा खाली टेकल्या.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "पाटील, मला कुणीच सांगितलं नाही."

पाटील जमिनीकडे बघत पुटपुटला, "गावात मयताची बातमी आली की वाजंत्री बंद ठेवावी लागते. आधी श्रावण, मग गणपती, मग हा दसरा. म्हटलं, सणवार होऊन जाऊ देत, मग सांगू."

ऐकलंत? सणवार होऊन जाऊ देत! चार महिने ती बाई रोज रांधताना लेकाचा वाटा बाजूला काढत होती, आणि याला ढोल वाजवायचे होते. बिरूच्या बापाला तर अजूनही काही कळलं नव्हतं. तो मेंढरं घेऊन लांब कुठेतरी माळावर होता. या गावाने ज्याला डोक्यावर घेतलं त्याची तलवार म्यानातून निघत नव्हती, आणि जे मेले त्यांच्याबद्दल पाटील विचारतो, कोण?

ताशेवाल्याने ताशा उतरवून ठेवला. कुंभारीण पुढे आली. आजीने ताट तिच्या हातात दिलं.

कुंभारणीने आधी शिपायाला ओवाळलं. "तू आलास, बाबा. बरं झालं," ती म्हणाली. मग ती त्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडे वळली. "भिवा," म्हणून एकदा ओवाळलं. "बिरू," म्हणून एकदा. मग ताट तिच्याने धरवेना. आजीने ते घेतलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. शिपाईही रडला. मुलं टकामका बघत राहिली. त्या दिवशी त्यांना पंतोजी काहीही शिकवू शकले नाहीत.

पाटलाची नात आजोबांचं बोट धरून उभी होती. तिने मान वर करून विचारलं, "आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

पाटील खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागला.

"सांगा ना. माहीत होतं?"

नातीने बोट सोडलं. शिपाई वेशीतून आत निघाला होता. त्याचा उजवा हात कुंभारणीने धरला होता. पोर धावत दुसऱ्या बाजूला गेली, बघते तर तिथे धरायला हात नव्हता. मग तिने त्याची रिकामी बाही मुठीत धरली आणि त्याच्याबरोबर चालू लागली. तिच्या मागून एकेक करत सगळी मुलं गेली, आणि मुलांमागून बाकीचं गाव. आज ओवाळून घ्यायचं राहिलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पाटील आणि त्याचा वीर वेशीबाहेर उभे राहिले. त्यांना आत या म्हणायला कुणी मागे वळलं नाही.

तात्पर्य: सैनिक घरी आला तर आधी त्याला आत घ्या, बसवा, आणि तो काय सांगतो ते ऐका. तो आला नाही, तर त्याच्या आईला सण होऊन जाईपर्यंत ताटकळत ठेवू नका. एवढं जमत नसेल, तर निदान त्याच्या नावाने आरोळ्या तरी देऊ नका.