खुडूक कोंबड्यांचे एकवीस दिवस

फार पूर्वी, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या शुक्तिपूर नगरात जयंधर नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या दरबारात धान्यामात्य होता. राज्यातल्या माणसांच्या पोटात दोन वेळा काही पडते की नाही हे पाहणे, एवढेच त्याचे काम. आणि जोवर सगळ्यांच्या पोटात पडत होते, तोवर त्या कामाकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते.

शुक्तिपुरात भात बेताचा पिके, नाचणी बरी पिके, आणि राहिलेली उणीव अंड्यांनी भरून निघे. बाळंतिणीला अंडे, आजाऱ्याला अंडे, नांगर धरणाऱ्याला भाकरीबरोबर अंडे. पूर्वी तिथे घरोघरी खुराडे असे. पुढे खिंडीपलीकडच्या वेणुक राज्यातले व्यापारी गाड्या घेऊन येऊ लागले आणि त्यांनी बायकांपुढे एक सौदा ठेवला. "तुमची एक खुडूक कोंबडी द्या, आमच्या दोन तलंगा घ्या."

तलंग म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी. आणि खुडूक म्हणजे अंडी घालणे थांबवून, पिसे फुलवून एका जागी ठाण मांडून बसलेली. हात लावला की ती चोच मारते, दाणा टाकला तरी उठत नाही. तिला अंड्यांवर बसू दिले तर एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात हे खरे, पण एवढा धीर धरायचा कोणी? वेणुकांच्या तलंगा तर कधी खुडूक होतच नसत. वर्षभर अंडी घालीत आणि दोन वर्षांत म्हाताऱ्या होत. मग नव्या तलंगा त्याच गाड्यांवरून घ्यायच्या. शुक्तिपूरच्या बायका खूश होत्या. घरातली कटकट जाऊन दोन टोपल्या अंडी मिळत असतील तर कोण नाही म्हणेल? कोंबडे अंडीही देत नाहीत आणि पहाटे झोपही मोडतात, म्हणून ते तर आधीच गेले होते.

दहा-बारा वर्षे अशी गेली. एकदा बोधिसत्त्व बाजारातून चालला असता त्याने हा सौदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तो जागीच थबकला. एकाच्या बदल्यात दोन देणारा व्यापारी आजवर त्याने पाहिला नव्हता. त्याने मनाशी विचार केला, 'हा मूर्ख नाही. मग मूर्ख कोण, हे शोधले पाहिजे.'

शोधता शोधता तो कुंभारवाड्यात तगरा नावाच्या विधवेच्या दारी पोहोचला. सबंध नगरात तिने एकटीने हा सौदा नाकारला होता. तिच्या अंगणात चार खुडूक कोंबड्या आणि एक कोंबडा होता.

"तू का नाही दिल्यास?" बोधिसत्त्वाने विचारले.

"का देऊ? अंडं कुणीही घालील, अमात्यबाबा," तगरा हातातली माती न सोडता म्हणाली, "पण बसणारी कोंबडी गेली की घरातली पिढी गेली. ते लोक आपल्याला अंडी देतात आणि आपल्या आया घेऊन जातात. ह्या बायांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

बोधिसत्त्वाने दरबारात हे सांगितले तेव्हा विभांड नावाच्या मंत्र्याचे हसून हसून पोट दुखले. "अमात्यांना राज्यकारभार सोडून आता कोंबड्या राखायच्या आहेत," तो म्हणाला. राजाही हसला. बोधिसत्त्व हसला नाही आणि रागावलाही नाही. घरी जाऊन त्याने आपल्या बागेतली फुलझाडे काढली, तिथे खुराडी बांधली आणि तगरेला मानाने बोलावून आणले. नगरात जिथे जिथे खुडूक कोंबडी झाली असे कळे, तिथे व्यापाऱ्यांच्या आधी तो स्वतः जाई आणि तिच्या बदल्यात तीन तलंगा देई. एवढ्या मोठ्या माणसाला काखेत कोंबडी धरून रस्त्याने जाताना पाहून बायका तोंडाला पदर लावून हसत. तीन महिन्यांत त्याच्याकडे नऊ खुडूक होणाऱ्या कोंबड्या, वीसेक तलंगा आणि तीन कोंबडे झाले. नऊच, कारण बाकीच्या केव्हाच खिंडीपलीकडे गेल्या होत्या.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला. नाचणी गुडघ्याएवढी होऊन करपली. त्याच महिन्यात वेणुकांच्या राजाने खिंड बंद केली आणि दूत पाठवला. "दक्षिणेकडची मिठागरे आणि तिथली बारा गावे आमच्या नावे करा, गाड्या पुन्हा सुरू होतील. महिनाभराची मुदत आहे."

शुक्तिपूरच्या तोंडचे पाणी पळाले. कोठारातली नाचणी शिधा लावून दिली तर कशीबशी पुढच्या पिकापर्यंत पुरणार होती, पण नुसत्या पेजेवर पोरे सुकू लागली. लोकांनी आधी म्हाताऱ्या कोंबड्या कापल्या, मग अंडी देणाऱ्याही कापल्या. आठवडाभरात नगरातली खुराडी रिकामी झाली. विभांड म्हणाला, "महाराज, बारा गावे देऊन टाकू. माणसे जगली तर गावे पुन्हा मिळवता येतील."

बोधिसत्त्व उठून उभा राहिला. "महाराज, आज बारा गावे दिली तर पुढच्या दुष्काळात आणखी बारा मागतील. ज्याच्या हातात आपल्या पोरांचा घास आहे, त्याला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचे? माझ्याकडे नऊ कोंबड्या खुडूक झाल्या आहेत. त्यांच्याखाली मी आज अंडी ठेवतो. मला एकवीस दिवस द्या. पिल्ले निघाली तर दुताला परत पाठवा. नाही निघाली तर करारावर पहिली सही माझी घ्या, आणि मग मला अमात्य म्हणू नका."

राजाला हसू आले नाही. बारा गावे देणे त्याच्याही जिवावर आले होते. त्याने एकवीस दिवस दिले.

नऊ पाट्यांत भुसा पसरून तगरेने त्याच कोंबड्यांनी खुडूक होण्याआधी घातलेली एकशे बारा अंडी ठेवली आणि एकेक कोंबडी बसवली. बाहेर बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी बागेच्या फाटकाशी गर्दी झाली. नगरात अंडे दिसत नसताना अमात्याच्या घरी शंभरावर अंडी कोंबड्यांखाली दडवून ठेवली आहेत, हे ऐकून कोणाचे रक्त तापणार नाही?

गर्दीत पुढे एक तरुण बाई होती. कडेवरचे मूल मान टाकून पडले होते. "बाबा, एकच द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडे शंभर आहेत. एकाने काय होतंय?"

ते अंडे आणून तिच्या हातावर ठेवावे असे बोधिसत्त्वाला मनापासून वाटले, आणि ते ठेवणार नाही हेही त्याला ठाऊक होते. एकीला दिले की दुसरीला नाही म्हणता येणार नाही, आणि दिवस मावळायच्या आत नऊ पाट्या रिकाम्या होतील. तो आत गेला, स्वतःच्या वाट्याची पेज आणि तलंगांनी त्या दिवशी घातलेली दोन अंडी घेऊन आला आणि तिला दिली. "हे रोज घेऊन जा," तो म्हणाला. "पाटीतलं मात्र मागू नकोस, बाई. ते तुझ्या मुलाचं पुढच्या वर्षाचं आहे." त्या दिवसापासून त्याने स्वतःची पेज कधी चाखली नाही. उकडलेल्या कंदांवर तो राहिला आणि दिवसेंदिवस वाळत गेला. तलंगांची रोजची अंडी आजारी मुलांच्या घरी जात. पाट्यांना मात्र तो कोणाला हात लावू देत नसे.

आठव्या दिवशी तगरेने एका कोठडीची दारे-खिडक्या बंद केल्या. दाराला असलेल्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत येत होती. राजा आणि मंत्री पाहायला आले होते. तिने एकेक अंडे त्या तिरिपीसमोर धरले. बहुतेकांत तांबड्या शिरांचे जाळे दिसले. अकरा अंडी आरपार स्वच्छ होती. "ही पोकळ, यांत जीव धरला नाही," म्हणून तिने ती बाजूला काढली आणि बोधिसत्त्वाने ती तिथल्या तिथे वाटून टाकली. राजा समाधानाने परतला. उरली एकशे एक.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. पाट्यांत काही बदल दिसत नव्हता. पहिल्या दिवशी जसे अंडे, तसेच पंधराव्या दिवशीही. कोंबड्या दिवसातून एकदा उठत, चार दाणे टिपत, पाणी पीत आणि घाईने पुन्हा जाऊन बसत. बोधिसत्त्व त्यांच्याकडे पाहत बसे. आपल्यापेक्षा ह्यांचा विश्वास पक्का आहे असे त्याला वाटे आणि थोडी लाजही वाटे. मग तो उठून फाटकाशी जाई, लोकांच्या शिव्या ऐके आणि म्हणे, "अजून सहा दिवस. अजून पाच."

अठराव्या दिवशी विभांडाने राजाचे कान भरले. "महाराज, आज पुन्हा उन्हात धरून पाहा. माझा माणूस पाहून आला आहे. सगळी अंडी आतून काळी पडली आहेत."

राजा धावत आला. त्याने कोठडी बंद करून अंडे तिरिपीसमोर धरले. तांबड्या शिरा कुठेच नव्हत्या. आत सगळा काळोख होता. दुसरे धरले, तिसरे धरले. सगळी तशीच.

"सडली!" राजा ओरडला. "अठरा दिवस माझी पोरे उपाशी ठेवून तुम्ही ही सडवलीत!"

"नाही हो, महाराज," तगरा कळवळून म्हणाली. "आत जीव भरला म्हणून उजेड जात नाही. जागाच राहिली नाही त्याला. तीन दिवस कळ काढा."

ही गोष्ट पूर्वी शुक्तिपुरातल्या कोणत्याही घरात विचारली असती तरी कळली असती. पण बारा वर्षांत तगरेखेरीज कोणी कोंबडी बसवली नव्हती. जिला हे माहीत होते ती एक विधवा कुंभारीण, आणि मंत्री मान हलवीत उभे. बोधिसत्त्व राजाला आडवा झाला आणि त्याने हात जोडले. "महाराज, शंका माझ्यावर घ्या. मला कैद करा. पण अंडे खाली ठेवा."

राजाने ते दाराच्या चौकटीवर आपटले.

त्याच्या तळहातावर एक ओले, पूर्ण वाढलेले पिल्लू पडले. त्याला इवलीशी नखे होती. त्याने चोच एकदा उघडली, मिटली, आणि ते निपचित झाले.

राजा तळहाताकडे बघत राहिला. मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. बोधिसत्त्व त्याच्या शेजारी बसला. त्याने राजाला दोष दिला नाही. तो फक्त म्हणाला, "महाराज, शंभर राहिली आहेत." आणि त्याने राजाच्या हातून ते पिल्लू घेऊन बागेत मातीआड केले. विभांड पाऊल न वाजवता निघून गेला.

उरलेले तीन दिवस राजा पाट्यांपासून हलला नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी वेणुकांचा दूत उत्तर घ्यायला बागेतच आला, तेव्हा तिसऱ्या पाटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. मग पहिल्या पाटीतून, मग सगळीकडून. तगरेने हात पुसले आणि मोजले. सत्याऐंशी निघाली होती.

दूत हसला. "सत्याऐंशी पिल्ले! यांच्यावर तुमचे राज्य जगणार?"

"आज नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "यंदाही नाही. यंदा आम्ही पेज पिऊ आणि कंद खाऊ. यांतल्या निम्म्या माद्या निघतील. सहा महिन्यांत त्या अंड्यावर येतील, खुडूक होतील आणि बसतील. आम्हीही बसू. तुमच्या राजाला सांगा, आम्हाला घाई नाही."

राजाने दुताला रिकाम्या हाताने परत पाठवले.

ते वर्ष फार जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण राजाच्या घरीही तीच पेज शिजत होती, म्हणून लोकांनी ते सोसले. मोठ्या झालेल्या कोंबड्या एकेका आळीला एकेक अशा दिल्या गेल्या आणि अट एकच होती, की खुडूक झाली की तिला बसवायचे आणि निघालेल्या माद्यांतल्या दोन शेजारच्या घरी द्यायच्या. तगरा घरोघर फिरून शिकवीत असे, चुकले की दरडावीत असे. फाटकाशी उभी राहिलेली ती तरुण बाई पहिल्याच खेपेला तगरेकडे शिकायला आली, आणि तिचे मूल तिच्या मागे धावत होते. तिसऱ्या वर्षी शुक्तिपुरात खुराड्याविना घर उरले नाही. त्या वर्षी पुन्हा पाऊस कमी झाला, पण कोणाचे मूल सुकले नाही, आणि मिठागरांची बारा गावे जिथल्या तिथे राहिली.

ही कथा बुद्धपद पावलेल्या शास्त्यांनी एका विहारात वप्पिल नावाच्या भिक्षूला सांगितली. तो पावसाळ्यात एका जागी राहायच्या वर्षावासात ध्यानाला बसला होता आणि वर्षावास संपायला थोडेच दिवस उरले असता चीवर, म्हणजे आपले भिक्षूचे वस्त्र, गुंडाळून निघाला होता. "भंते, सुरुवातीला काहीतरी दिसत होते," तो म्हणाला. "आता डोळे मिटले की आत नुसता काळोख असतो. माझ्यात काही उरलेले नाही. मी घरी जातो." तेव्हा शास्त्यांनी त्याला जवळ बसवून हे सारे सांगितले आणि पुढे जन्मांची जोड लावून दिली. "त्या वेळी तगरा होती ती, तुला रोज भिक्षा वाढणारी आणि 'एवढे दिवस काढलेत, आता उठू नका' म्हणणारी म्हातारी उपासिका. विभांड म्हणजे 'चल, यात काही नाही' असे तुला सांगणारा तुझा सोबती. धान्यामात्य मीच होतो. आणि वप्पिल, अठराव्या दिवशी अंडे फोडणारा तो राजा तू होतास."

वप्पिलाने आपल्या तळहाताकडे पाहिले.

"घेतलेला निश्चय फळ दिसेपर्यंत न ढळू देणे, आणि फळ दिसत नसतानाही न ढळू देणे, याला अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची पूर्णता, म्हणतात," शास्ते म्हणाले. "त्या जन्मी मी तिचा अभ्यास केला."

वप्पिलाने वंदन केले, गुंडाळलेले चीवर उलगडले आणि तो आपल्या जागी जाऊन बसला.